अडतिसाव्या पानावर अडलेली गाडी

मागच्या पीएलमध्ये अभ्यास सोडून मी लायब्ररीतून विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) आणली. नोबेलवाला लेखक, शिवाय हॉस्टेलवर इंप्रेशन! अडतिसाव्या पानावर पुस्तक मिटलं. परत करताना लायब्ररीतल्या सरांनी विचारलं, "कशी वाटली?" व्हायवात ठोकतो तसं ठोकून दिलं, "छान आहे, सर." ते खोटं टोचत राहिलं. म्हणून गाडी नेमकी कुठे अडली, ते शोधायला बसलो.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या मिसिसिपीमधल्या कॉम्प्सन घराण्याच्या पडझडीची. चार भाग, प्रत्येकाला तारीख. पहिला भाग ७ एप्रिल १९२८ चा आणि तो सांगतो बेंजी. वय ३३, पण बुद्धी लहान मुलाची, बोलताही येत नाही. 'आधी' आणि 'नंतर' हे त्याला कळतच नाही. कुंपणाच्या खिळ्याला कपडे अडकले, की लहानपणी असेच अडकले होते तो प्रसंग सुरू! पलीकडे गोल्फ खेळणारे सामान उचलणाऱ्या पोराला 'कॅडी' अशी हाक मारतात. बेंजीच्या बहिणीचं नावही कॅडी, आणि ती कधीच घरातून गेलेली. झालं, हा रडू लागतो. काळ बदलल्याची खूण म्हणजे मधूनच तिरपी होणारी अक्षरं, तीही दरवेळी नाहीत. त्यात क्वेंटिन दोन, एक मामा आणि एक भाची. मी दोघांना एकच समजत होतो. 'तो'ची मध्येच 'ती' झाली तेव्हा छपाईची चूक वाटली!

किल्ली एका सीनियरने दिली. बेंजीला कोण सांभाळतंय ते बघायचं. व्हर्श असेल तर बेंजी लहान, टी. पी. असेल तर मधला काळ, लस्टर असेल तर १९२८. म्हणजे ग्राफला अ‍ॅक्सिस होता, फक्त त्यावर आकडे लिहिलेले नव्हते. वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत, अशी खुद्द फॉकनरचीच इच्छा होती. त्याच्या हयातीत ते जमलं नाही. २०१२ मध्ये फोलिओ सोसायटीने १४ रंगांतली आवृत्ती काढली.

बेंजीला काळ कळत नाही, हे फॉकनर एका वाक्यात सांगू शकला असता. त्याऐवजी त्याने मलाच बेंजीच्या जागी उभं केलं. मी गोंधळलो, म्हणजे पुस्तक बरोबर चाललं होतं. आणि मी मात्र ते 'रोज वीस पानं' असं सबमिशनसारखं उरकत होतो.

पुस्तक पुन्हा आणलं. पहिला भाग संपला. दुसऱ्यात, २ जून १९१० ला, क्वेंटिनमामाच्या डोक्यात विरामचिन्हंच गायब व्हायला लागली. पुन्हा सोडलं! पण या वेळी सरांना खरं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, "चौथा भाग अगदी सरळ लिहिलाय. तिकडून ये." आणि पुस्तकावर नव्या तारखेचा शिक्का मारला.

तर मित्रांनो, पुस्तक अर्धवट सोडणं हा काही गुन्हा नाही. पण कुठे अडलो, एवढं तरी बघून सोडावं.