तीर्थनच्या खोऱ्यात सुट्टीला जाताना

हिमाचल म्हटले की गोमंतकीय पर्यटकाच्या डोळ्यांसमोर प्रथम मनाली येते आणि मे महिन्यात मनालीला जाऊन आलेल्याच्या बोलण्यात पर्वतांपेक्षा वाहनांच्या रांगाच अधिक येतात. त्याच रस्त्यावर, कुल्लूच्या अलीकडे, औट नावाचे छोटे गाव आहे. तेथील लांब बोगद्यात शिरण्यापूर्वी एक फाटा लारजी-बंजारकडे वळतो. मनालीला जाणारी बहुतेक वाहने त्याकडे न पाहता बोगद्यात शिरतात. तो फाटा धरला की तीर्थन नदीचे खोरे लागते.

ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागातील हंसकुंड परिसरात उगम पावते, गुशैणी, नागिनी, बंजार अशा गावांवरून वाहत येते आणि लारजीजवळ सैंज नदीसह बियासला मिळते. या तिन्ही नद्यांमध्ये तीर्थनचे भाग्य वेगळे. बियास आणि सैंज यांच्यावर जलविद्युत प्रकल्प उभे राहिले. तीर्थनवर मात्र स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर राज्य सरकारने प्रकल्पांना परवानगी न देण्याचे धोरण स्वीकारले. आज या नदीचे पाणी जे मोकळे आणि नितळ दिसते, त्यामागे निसर्गाइतकाच हा निर्णयही आहे.

गोव्याहून जाण्याचा सर्वांत सरळ मार्ग चंदीगडवरून. मडगावहून चंदीगडला थेट जाणारी गोवा संपर्क क्रांती ही गाडी आठवड्यातील ठरावीक दिवशीच सुटते, म्हणून तिच्या वारानुसार सुट्टी आखावी, सुट्टीनुसार गाडी शोधू नये. विमानाने दिल्ली गाठून तेथून रात्रीची मनाली बस पकडणारेही पुष्कळ असतात. ती बस औटला पहाटे किंवा सकाळी पोहोचते. तिकीट मनालीचे असले तरी वाहकाला औटला उतरण्याचे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर जाग येईपर्यंत बस कुल्लूत असते. औटहून बंजार सुमारे तीस किलोमीटर आणि पुढे गुशैणी आणखी दहा. स्थानिक बस व टॅक्सी दोन्ही मिळतात. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी औषध चंदीगडहूनच घ्यावे.

कधी जावे, याचे उत्तर येथे सौंदर्यावर नव्हे तर पावसावर ठरते. मार्चअखेर ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दोन हंगाम योग्य. जुलै-ऑगस्टमध्ये खोरे हिरवेगार असते, राहण्याचे दरही उतरलेले असतात आणि त्यालाच भुलून काही जण चतुर्थीपूर्वीची मोकळीक साधू पाहतात. तसे करू नये. जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या पुराने मंडी-कुल्लू भागातील रस्ते व पूल वाहून नेले. २०२५ च्या पावसाळ्यातही याच जिल्ह्यांत मोठी हानी झाली. दरड कोसळली की रस्ता तासांसाठी नव्हे, कित्येक दिवसांसाठी बंद पडू शकतो. परतीचे आरक्षण हातात असून खोऱ्यात अडकणे म्हणजे काय, हे कोकण रेल्वेवर पावसाळ्यात खोळंबलेल्यांना वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की येथे दुसरी गाडी नसते.

नदीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मांडवी-जुवारीच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीची भीती वाटत नाही. पाणी भरती-ओहोटीने चढते-उतरते आणि त्याची वेळ आपल्याला ठाऊक असते. हिमनदीय पाण्याचे गणित निराळे. उन्हाळ्यात दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळते आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार कलते. सकाळी ज्या खडकावर कोरड्या पायांनी गेलो, त्याच्याभोवती सायंकाळी प्रवाह वेढा घालू शकतो. वर कोठे ढगफुटी झाली तर खाली स्वच्छ ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी इतके थंड असते की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. धरणाखालच्या पात्रात तर निसर्गाचीही पूर्वसूचना मिळत नाही. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात छायाचित्रे काढत असलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. औटला जाताना आपण त्याच काठाने जातो. म्हणून बियासच्या पात्रात मुळीच उतरू नये आणि तीर्थनच्या काठी बसायचे ते पुराची रेघ पाहून. खडकांवर अडकलेल्या काटक्या व गवत जेथपर्यंत दिसते तेथपर्यंत पाणी पोहोचलेले असते. मुले बरोबर असतील तर मुक्काम नदीला खेटून असलेल्या तंबूत नको, थोड्या चढावरच्या घरात असावा.

मुक्कामासाठी नागिनी-गुशैणी परिसर नदीसाठी उत्तम; जिभी आणि शोजा हे जालोरी खिंडीच्या वाटेवर, अधिक थंड आणि अलीकडे अधिक गजबजलेले. शांतता हवी असेल तर गुशैणीच बरे. किमान तीन रात्री एकाच घरात काढाव्यात. तीन दिवसांत तीर्थन, मनाली आणि कसोल उरकण्याच्या योजना सर्रास विकल्या जातात. त्यांत पर्यटक पाहतो ती बहुतांशी गाडीची काच.

ट्राउट मासा हे या नदीचे वैशिष्ट्य. तो मूळचा येथला नव्हे, ब्रिटिश काळात युरोपातून आणून सोडलेला. थंड, प्राणवायूने समृद्ध वाहते पाणी मानवले आणि तो रुजला. गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात मासेमारीस बंदी असते. ताटात येणारा ट्राउट बहुधा मत्स्यशेतीतला असतो. हुमणाची सवय असलेल्या जिभेला तो काहीसा सौम्य वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे.

राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा येथे आढळतो, जरी तो दिसण्याची आशा धरून जाऊ नये. उद्यान झाल्यावर गाभ्याच्या क्षेत्रातील मेंढ्यांची चराई व वनौषधी गोळा करण्याचे गावकऱ्यांचे पिढीजात हक्क संपुष्टात आले. त्यामुळे बाहेरच्या कंपनीऐवजी गावातलाच वाटाड्या घेणे, गावातल्याच घरी उतरणे याला येथे निव्वळ सौजन्यापलीकडचा अर्थ आहे. आत जाण्यास परवाना लागतो. साई रोपा येथील उद्यानाच्या केंद्रात त्याची माहिती मिळते. गुशैणीहून नदीकाठाने उद्यानाच्या सीमेवरील रोला येथपर्यंत जाणारी पायवाट ज्येष्ठांनाही सावकाश चालत अर्धी-अधिक करता येईल अशी आहे.

एक दिवस जालोरी खिंडीसाठी ठेवावा. सुमारे ३,१२० मीटर उंचीच्या या खिंडीतून साधारण पाच किलोमीटर ओकच्या जंगलातून चालल्यावर सेरोलसर तलाव लागतो. काठी बुढी नागिन देवीचे मंदिर आहे. तलावावर पडलेले पान एक पक्षी तत्काळ उचलून नेतो, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि पाणी खरोखरच आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ असते. भाविक तेथे तूप अर्पण करतात. पाण्यात पाय बुडवणे स्थानिकांना रुचत नाही. मंदिरांच्या बाबतीतही हाच नियम धरावा: कोठे स्पर्श चालतो, कोठे चामड्याची वस्तू चालत नाही, हे आधी विचारावे. परत येताना बंजारजवळची चेहणी कोठी पाहावी. लाकूड आणि दगड यांचे थर एकाआड एक रचून बांधलेल्या या मनोऱ्याचे वरचे काही मजले १९०५ च्या कांगडा भूकंपात गेले, उरलेला मनोरा अद्याप उभा आहे.

रोख रक्कम बंजारलाच काढून घ्यावी, पुढे भ्रमणध्वनीचा भरवसा नाही. प्राथमिक उपचार बंजारला मिळतात, गंभीर प्रसंगी कुल्लू गाठावे लागते. रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे दोन-तीन दिवस पुरून उरतील इतकी जवळ असावीत. मे महिन्यातही रात्री लोकरीचे कपडे लागतात. आणि परतीची बस औटहून सायंकाळी असली तरी गुशैणी सकाळीच सोडावी, कारण बंजारच्या पुढचा रस्ता अरुंद आहे आणि समोरून सफरचंदांचा ट्रक आला की दोघांपैकी एकाला बरेच अंतर मागे जावे लागते.