गोळीची किंमत आणि उपचाराचा खर्च

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या माणसाला रक्ताचा कर्करोग झाला, तर तपासणीसाठी कलबुर्गी नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचाही खाडा पडतो. औषधाच्या पावतीवर यातलं काहीच नसतं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे 'सीएमएल', या रक्ताच्या कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल हे सदोष जनुक तयार होतं आणि त्याच्या प्रथिनामुळे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिब हे औषध नेमकं तेच प्रथिन अडवतं. नोव्हार्टिस कंपनीच्या 'ग्लिव्हेक' या इमॅटिनिबच्या गोळ्यांना भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत. देशी कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली. पुढे दर आणखी उतरले.

महिना ८ हजार धरले, तर २० वर्षांचे १९ लाख २० हजार होतात. ग्लिव्हेकच्या त्या वेळच्या दराने २ कोटी ८८ लाख. औषध लागू पडलं की रुग्ण जवळजवळ इतरांइतकं जगतो, म्हणून खर्चाची वर्षंही वाढतात. असा खर्च वाढणं ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आरोग्य-अर्थतज्ज्ञ मात्र नुसत्या गुणाकारावर थांबत नाहीत. दरवर्षी किती जणांचा आजार आटोक्यात राहील, किती जणांचा बळावेल, हे ते शक्यतांनी मांडतात. पुढचा खर्च आजच्या मोलात आणतात: वर्षाला ३ टक्के दराने दहा वर्षांनंतरचे १०० रुपये आज सुमारे ७४ भरतात.

या हिशेबात बसभाडं आणि खाडा धरला नाही, तर पुढचे सगळे आकडे चुकतात, असं मला ठामपणे वाटतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली दाखवून दिलं, की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत आजार पुरेसा मागे हटण्याचं प्रमाण फार कमी असतं. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीनच गोळ्या! बसभाड्यापायी किंवा खाड्यापायी पुढची खेप लांबली, घरातल्या गोळ्या संपल्या, की तेवढा खंड सहज पडतो. मग आजार बळावला, तर दासॅटिनिब-निलोटिनिबसारखी दुसऱ्या फळीची औषधं, कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण.

गोळी प्रत्येकाला जन्मभर घ्यावीच लागते, असंही नाही. फ्रान्समधल्या एका चाचणीत दोन वर्षं रक्तात आजाराचा मागमूस न राहिलेल्यांची गोळी थांबवली. वर्षभरानंतरही सुमारे ४१ टक्के रुग्णांत आजार उलटला नव्हता. पण गोळी थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर चाचणी लागते. त्यासाठीचं रक्त आळंदच्या तालुका रुग्णालयात घेऊन वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची सोय झाली, तर निंबर्ग्याच्या अशा रुग्णालाही गोळी थांबवून पाहता येईल.