हंगामाच्या सुरुवातीची वेळ कशी वाचायची?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्रान्समधल्या लिएव्हां इथल्या बंदिस्त ट्रॅकवर नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसन एक मैल धावला आणि घड्याळ ३ मिनिटे ४५.१४ सेकंदांवर थांबले. इनडोअर मैलाचा तो जागतिक विक्रम होता. वाटेत १५०० मीटरची खूण त्याने ३:२९.६३ वर ओलांडली होती, म्हणजे त्याच धावेत दुसराही विक्रम. पाचच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये यारेड नुगूसेने ३:४६.६३ असा मैलाचा विक्रम केला होता, तो जुना झाला. मार्चमध्ये नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत इंगेब्रिग्टसनने १५०० आणि ३००० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके घेतली. यंदा याला कोण अडवणार, असेच तेव्हा सगळे म्हणत होते.

सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो १५०० मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. मधल्या काळात टाचेमागच्या अकिलिस कंडरेने दगा दिला होता आणि उन्हाळ्याचे महिने शर्यतींविना गेले होते.

मग फेब्रुवारीतली वेळ खोटी होती का? अजिबात नाही. ती त्या दिवसाच्या ताकदीची खरी नोंद होती. चूक होते ती वाचणाऱ्याची. ८०० आणि १५०० मीटरच्या धावपटूंचे वर्ष कसे आखलेले असते आणि वेळ कोणत्या परिस्थितीत नोंदली जाते हे समजले, की हंगामाच्या सुरुवातीच्या निकालांतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे कळू लागते.

आधी पाया, मग धार

मध्यम पल्ल्याच्या धावपटूचे वर्ष साधारण सप्टेंबरअखेर संपते. दोन-तीन आठवडे विश्रांती, आणि ऑक्टोबरपासून पुन्हा सुरुवात. पहिले तीन महिने घड्याळाची फारशी घाई नसते. भर असतो लांब पल्ल्यावर, टेकड्यांवर आणि जिममधल्या ताकदीच्या व्यायामावर. १५०० मीटरचा अव्वल धावपटू या काळात आठवड्याला शंभर किलोमीटरच्या बराच वर जातो. ८०० मीटरचा त्याहून कमी धावतो, कारण त्याला ४०० मीटरच्या धावपटूसारखा वेगही टिकवायचा असतो.

पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी एवढे किलोमीटर कशाला? कारण ८०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण दोन-तृतीयांश भाग प्राणवायूच्या मदतीनेच तयार होतो. १५०० मीटरला हा वाटा चार-पंचमांशाच्या आसपास जातो. पाया कच्चा असेल तर शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होतात, मग अंगात वेग कितीही असो.

नॉर्वेच्या पद्धतीत हा पाया मोजून बांधतात. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी असे दोन कसदार सराव होतात. सकाळी सहा-सहा मिनिटांच्या पाच धावा आणि संध्याकाळी ४०० मीटरच्या वीस-पंचवीस धावा, असा त्याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. दोन धावांच्या मध्ये धावपटू थांबतो, प्रशिक्षक त्याच्या कानाच्या पाळीला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतो आणि छोट्या यंत्रावर, जोराच्या धावेत रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटचा आकडा बघतो. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर पुढची धाव हळू करायची. जोर दाखवायची परवानगी नाही. दमून कोसळायचे नाही, पण कोसळण्याच्या अलीकडच्या रेषेवर जास्तीत जास्त वेळ राहायचे, हे त्यामागचे गणित.

याच्या जोडीला उंचावरचे शिबिर असते. केनियातले इटेन सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, अमेरिकेतले फ्लॅगस्टाफ सुमारे २१०० आणि स्वित्झर्लंडचे सेंट मॉरिट्झ सुमारे १८००. विरळ हवेत तीन-चार आठवडे राहिले की शरीर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन वाढवते. शिबिरावरून उतरल्यावर कोणत्या दिवशी धावायचे याचे प्रत्येकाचे गणित वेगळे असते. त्यामुळे एखाद्याची मेमधली पहिली शर्यत फिकी पडली, तर तो नुकताच डोंगरावरून उतरला आहे का, हे आधी पाहावे.

शर्यतीच्या वेगाचे तिखट सराव सर्वांत शेवटी येतात. त्यांचा परिणाम लवकर दिसतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. म्हणून ते मोठ्या स्पर्धेच्या आधीच्या काही आठवड्यांसाठी राखून ठेवतात. फेब्रुवारीत चमकणाऱ्या धावपटूबाबत दोन शक्यता असतात: पाया इतका मजबूत, की धार न लावताच वेळ आली, किंवा धार आधीच लावून झाली. पहिली गोष्ट चांगली, दुसरी काळजीची. नुसत्या आकड्यावरून दोन्ही सारख्याच दिसतात.

ट्रॅक कोणता, पुढे कोण होते

इनडोअर ट्रॅक २०० मीटरचा असतो आणि वळणांवर बाहेरची बाजू उचललेली असते. वारा नाही, ऊन नाही. पण वळणे दुप्पट. मैल म्हणजे आठ फेऱ्या आणि वर नऊ मीटर. लिएव्हांची शर्यत या हिशेबाने पाहिली, तर इंगेब्रिग्टसनने प्रत्येक फेरी सरासरी २८ सेकंदांत काढली. १५०० मीटरच्या खुणेपासून शेवटचे १०९ मीटर त्याने साडेपंधरा सेकंदांत पार केले. म्हणजे वेग टिकला होता, अखेरीस किंचित उतरला होता. ही अंगातली वाफ शेवटच्या मीटरपर्यंत समान वाटून केलेली धाव होती. विक्रमासाठी तीच योग्य, पण पदकाच्या शर्यतीत असे वाटप क्वचितच करायला मिळते.

कारण विक्रमाच्या शर्यतीत पेसमेकर असतो. तो ठरलेल्या वेगाने पुढे धावतो, हवा कापतो आणि अर्ध्याहून जास्त अंतर झाल्यावर बाजूला होतो. अलीकडे ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची रांगही असते आणि ठरलेल्या वेगाने प्रकाश पुढे सरकत जातो. जागतिक किंवा ऑलिंपिक स्पर्धेत यातले काहीच नसते. तिथे बारा-चौदा जण एकमेकांना जोखत, कोपर सांभाळत धावतात.

२० जून २०२५ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये केनियाचा १८ वर्षांचा फानुएल कोएच १५०० मीटर ३:२७.७२ मध्ये धावला आणि २० वर्षांखालचा जागतिक विक्रम केला. टोकियोची अंतिम फेरी पोर्तुगालच्या इसाक नादेरने जिंकली ती ३:३४.१० मध्ये. सहा सेकंदांहून अधिक फरक, ट्रॅकवर मोजला तर सुमारे पंचेचाळीस मीटर. नादेर आणि दुसरा आलेला जेक वाइटमन यांच्यात मात्र फक्त दोन शतांश सेकंदांचे अंतर होते.

म्हणून निकालात एकूण वेळेइतकीच शेवटच्या लॅपची वेळ शोधावी. मे महिन्यात ३:३४ मध्ये धावलेल्या, पण शेवटचे ४०० मीटर ५३ सेकंदांत काढलेल्या धावपटूकडे दुर्लक्ष करू नये. पेसमेकरच्या पाठीमागे ३:३० आलेल्या आणि शेवटी अडखळलेल्या धावपटूपेक्षा अंतिम फेरीत तो जास्त धोकादायक असू शकतो.

फेऱ्यांचे गणितही वेगळे. टोकियोत १५०० मीटरच्या प्रत्येक हीटमधले पहिले सहाच पुढे गेले; चांगली वेळ आहे म्हणून सातव्याला जागा नव्हती. पॅरिस ऑलिंपिकचा विजेता कोल हॉकर उपांत्य फेरीत धक्काबुक्कीबद्दल अपात्र ठरला. त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी त्याने ५००० मीटर जिंकले. तयारी तीच होती, नशीब आणि जागा बदलली.

शर्यती न धावणेही बातमी असते

कोणी धावलेच नाही, तर ती माहितीही वाचावी लागते. ब्रिटनची कीली हॉजकिन्सन ही पॅरिस ऑलिंपिकची ८०० मीटर विजेती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला तिच्याच नावाने भरवलेल्या स्पर्धेत ती इनडोअर विक्रमाचा प्रयत्न करणार होती. मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीने ती बाहेर पडली आणि पुढचे सहा महिने शर्यतींपासून लांब राहिली. १६ ऑगस्टला पोलंडमध्ये ती परतली तीच १:५४.७४ अशी वेळ घेऊन. महिन्याभराने टोकियोत तिने १:५४.९१ मध्ये कांस्य मिळवले. केनियाच्या लिलियन ओदिराने १:५४.६२ मध्ये सुवर्ण घेताना १९८३ पासूनचा स्पर्धा विक्रम मोडला. जॉर्जिया हंटर बेल १:५४.९० मध्ये दुसरी.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, शर्यती नसल्या म्हणजे तयारी नसते असे नाही. दोन, पाया शाबूत असला तरी तीन फेऱ्या लागोपाठ धावण्याची सवय शर्यतींतूनच येते. कांस्य आणि रौप्य यांच्यात एक शतांश सेकंद होता. तेवढा शर्यतींच्या सवयीने भरून निघाला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. प्रश्न मात्र योग्य आहे.

सोळाव्या वर्षाची वेळ

२०२५ च्या हंगामाने नवी मुले फार पुढे आणली. न्यूझीलंडच्या सॅम रूथने मार्च २०२५ मध्ये ऑकलंडला १५ वर्षांचा असताना मैल ३:५८.३५ मध्ये काढला. या वयात चार मिनिटांच्या आत येणारा तो पहिलाच. इथे एक बारकावा: दक्षिण गोलार्धात मार्च म्हणजे हंगामाचा शेवट, सुरुवात नव्हे. युरोपातल्या कोणाच्या मार्चमधल्या वेळेशी ती सरळ ताडून पाहू नये.

अमेरिकेचा कूपर लुटकेनहाउस तर धक्काच होता. टेक्सासमधला हा शाळकरी मुलगा ३ ऑगस्टला यूजीनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ८०० मीटर अंतिम फेरीत मागून येत १:४२.२७ मध्ये दुसरा आला. वय १६. त्याआधी त्याची सर्वोत्तम वेळ १:४५ च्या घरात होती. टोकियोचे तिकीट मिळाले, पण तिथे तो पहिल्याच फेरीत बाद झाला.

याला अपयश म्हणणे अन्यायाचे आहे. शालेय हंगाम वसंतात शिगेला पोचतो. त्या मुलाला तोच जोर सप्टेंबरपर्यंत ओढायचा होता, आणि तोही जगातल्या सर्वोत्तम प्रौढ धावपटूंसमोर. सोळाव्या वर्षी इंजिन मोठे असते, पण दर आठवड्याला पुन्हा तितकेच झिजून सावरायची सवय शरीराला नसते.

तरुणांची वेळ वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सुधारणेचा वेग. दोन-तीन वर्षे दर हंगामात थोडी थोडी कमी होत आलेली वेळ ही एका उडीपेक्षा अधिक भरवशाची. दुसरी, शरीराची वाढ. पंधराव्या वर्षी कोणी पूर्ण वाढलेला असतो, कोणी अजून उंच व्हायचा असतो. लवकर वाढलेला मुलगा आज जिंकतो; दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात. मुलींच्या बाबतीत वयात येताना शरीर बदलते आणि वेळ वर्ष-दोन वर्षे थांबू शकते. तेव्हा खाणे कमी करून किलोमीटर वाढवले, तर पाळी थांबते, हाडांना तडे जातात आणि कारकीर्दच संपू शकते. तिसरी, शर्यतींची संख्या. वर्षभर दर पंधरवड्याला जिंकणाऱ्या मुलापेक्षा निवडक शर्यती धावणारा बहुधा जास्त टिकतो.

लवकर चमकणे आणि पुढे मोठे होणे यांत कायमचे वैर नाही. इंगेब्रिग्टसन सोळाव्या वर्षी चार मिनिटांच्या आत मैल धावला होता आणि विसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेता झाला. उशिरा उमलणारेही असतात. वर उल्लेखलेली हंटर बेल शालेय वयात चमकली, मग काही वर्षे तिने स्पर्धात्मक धावणे सोडून नोकरी केली, आणि परतून तिशीत पॅरिसला १५०० मीटरचे कांस्य मिळवले.

आपल्या धावपटूंचे निकाल

हीच मोजपट्टी भारतीय धावपटूंना लावून पाहा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शेजारचा. एप्रिल २०२५ अखेर चीनमध्ये शियामेनच्या डायमंड लीगला तो ८:२२.५९ मध्ये तेरावा आला. नुसता क्रमांक वाचून अनेकांनी मान हलवली. महिन्याभराने कोरियात गुमीच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत तो ८:२०.९२ मध्ये सुवर्णपदक जिंकला. दोन सेकंदांपेक्षाही कमी सुधारणा, आणि तेराव्यावरून पहिला. बदलले ते मुख्यतः समोरचे धावपटू. पुढे जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडून गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.

गुलवीर सिंग फेब्रुवारीत बोस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर ५००० मीटर १२:५९.७७ मध्ये धावला, तेरा मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. गुमीला त्याने सुवर्ण घेतले ते १३:२४.७७ मध्ये. पंचवीस सेकंद जास्त लागले म्हणून त्याचा फॉर्म गेला होता का? मुळीच नाही. बोस्टनला वेळ हवी होती, गुमीला पदक. ८०० मीटरला मोहम्मद अफसलने मेमध्ये दुबईत १:४५.६१ आणि जूनमध्ये पोलंडमध्ये १:४४.९३ असे दोन राष्ट्रीय विक्रम केले. हंगामाबरोबर वेळ उतरत जावी, याचे ते सरळ उदाहरण.

तेव्हा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रमांच्या बातम्या येऊ लागल्या, की चार प्रश्न विचारा: ट्रॅक कोणता होता, पुढे पेसमेकर होता का, शेवटचा लॅप किती सेकंदांत झाला, आणि मुख्य स्पर्धा किती महिने दूर आहे. धावपटू वीस वर्षांखालचा असेल तर पाचवा प्रश्न: गेल्या दोन वर्षांत त्याची वेळ कशी बदलली? आणि तुमच्या घरात किंवा शाळेत असे पळणारे मूल असेल, तर त्याच्या पहिल्या मोठ्या वेळेचा गाजावाजा करण्यापेक्षा त्याला पुढच्या दोन हंगामांत धडधाकट ठेवण्याची काळजी घ्या.