केबल मोडेम कामास कसा सिद्ध होतो



गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका शाळेस भेट देण्याचा योग आला. तेथील एक तरुण शिक्षक मोडेमची कळ पुनःपुन्हा बंद-चालू करीत होते. “साहेब, पाच वेळा बंद करून पाहिला, तरी इंटरनेट येत नाही,” असे ते त्रासून म्हणाले. मुले पडद्यासमोर ताटकळत बसली होती व तास निम्मा सरला होता. सदर यंत्र चालू होताना आतून काय करिते, हे ठाऊक असते तर त्यांचा तो वेळ वाचला असता. म्हणून ह्या विषयाची थोडी माहिती येथे देत आहे.

दूरचित्रवाणीच्या केबलमधून इंटरनेट पुरविण्याच्या पद्धतीस ‘डॉक्सिस’ असे नाव असून तिचे पहिले नियम १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कारखान्यातून आलेल्या मोडेमला आपण कोणत्या गावी, कोणाच्या तारेस जोडले जाणार, हे काहीच ठाऊक नसते. त्याच्यापाशी असतो तो केवळ बारा अक्षरांकांचा स्वतःचा कायम क्रमांक. बाकी सर्व तो केबलचालकाच्या केंद्रातील मुख्य यंत्रास विचारून मिळवितो, आणि तेही ठराविक क्रमानेच.

पहिली पायरी ऐकण्याची. तारेतून अनेक वाहिन्या एकाच वेळी वाहत असतात. मागील खेपेस जी वाहिनी सापडली होती ती मोडेम प्रथम तपासतो. ती न मिळाल्यास एकामागून एक इतर वाहिन्या धुंडाळतो. योग्य वाहिनी सापडली की ‘डाउनस्ट्रीम’चा दिवा स्थिर होतो. ह्या वाहिनीवर केंद्र सतत सूचना देत असते : उलट बोलण्यासाठी कोणती वाहिनी वापरावी व कोणत्या क्षणी बोलावे.

दुसरी पायरी बोलण्याची, आणि तीच सर्वांत नाजूक. एकाच तारेवर अनेक घरांचे मोडेम असतात. सर्व एकदम बोलू लागले तर वर्गातील गलबल्यासारखी स्थिती होईल. शिवाय कोणाचे घर जवळ, कोणाचे दूर. एक किलोमीटर अंतर तोडण्यास संकेताला सुमारे ४ ते ५ मायक्रोसेकंद लागतात, आणि येथील हिशेब तितक्याच बारीक काळाचा असतो. म्हणून मोडेम प्रथम हलक्या आवाजात हाक देतो. २०० मिलिसेकंदांत उत्तर न आल्यास तो थोडे थांबून आवाज वाढवितो व पुन्हा हाक देतो. उत्तर आले की केंद्र त्यास सांगते, ‘इतके आधी बोल, इतक्या जोराने बोल.’ हे जुळले म्हणजे ‘अपस्ट्रीम’चा दिवा स्थिर होतो. ही जुळवणी पुढेही अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या आत तपासली जाते; कारण ऊनपावसाने तारेचे गुण बदलतात.

तिसऱ्या पायरीस मोडेम पत्ता मागतो. ‘मला कोणी पत्ता देईल काय?’ अशी तो विचारणा करितो. केंद्राकडून एक पत्ता देऊ केला जातो. मोडेम तो मागून घेतो. आणि केंद्र त्यास मान्यता देते. हा पत्ता ठराविक मुदतीपुरता असतो. त्याच उत्तरात मोडेमने वाचावयाच्या आज्ञापत्राचे नाव व ते ठेवलेले ठिकाणही कळते. घड्याळही तेथूनच लावून घ्यावे लागते. केंद्र १ जानेवारी १९०० पासून लोटलेले सेकंद सांगते. भारतीय वेळेसाठी त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवावयाचे असतात.

चौथ्या पायरीस मोडेम ते आज्ञापत्र उतरवून घेतो. ग्राहकास किती वेग द्यावा, किती संगणक जोडू द्यावेत, इत्यादी गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. पाचवी पायरी नोंदणीची. आज्ञापत्रातील अटी मोडेम केंद्रास सादर करितो. त्यांवर एक गुप्त शिक्का असतो. मध्येच कोणी वेगाचा आकडा वाढविला असल्यास शिक्का जुळत नाही व नोंदणी नाकारली जाते. दाखल्यावरील जन्मतारीख खाडाखोड केलेली दिसली, तर आपण जनरल रजिस्टरात नाव घालीत नाही, तसेच हे. नोंदणी मान्य झाली म्हणजे ‘ऑनलाइन’चा दिवा स्थिर होतो.

ह्यावरून शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मोडेम चालू केल्यावर काही मिनिटे त्यास हात लावू नये. मध्येच कळ बंद केल्यास सर्व क्रम पहिल्यापासून सुरू होतो.

२. कोणता दिवा लुकलुकत राहिला हे पाहावे. पहिल्या दोहोंपैकी एखादा अडला तर प्रथम तार व तिची जोडणी तपासावी. ते दोन्ही स्थिर असून ‘ऑनलाइन’ दिवा लागत नसेल तर बहुधा पत्त्याचा अथवा नोंदणीचा प्रश्न असतो. तेव्हा केबलचालकास दिव्यांची स्थिती कळवावी.

३. टाचणीने दाबावयाचे मागील छिद्र विनाकारण दाबू नये. त्याने साठविलेली मांडणी पुसली जाते.

जेथे शाळेस फायबरची जोडणी आहे तेथील यंत्र निराळे असते. तथापि अंतर मोजून वेळ जुळविणे व ओळख पटवून नोंदणी करणे त्यासही चुकलेले नाही.

आरंभी सांगितलेल्या शाळेत ‘अपस्ट्रीम’चा दिवा लुकलुकत होता. भिंतीजवळील जोडणी ढिली झाली होती. मोडेमला केंद्राचे ऐकू येत होते, परंतु त्याची हाक केंद्रापर्यंत पोहोचत नव्हती. ती जोडणी हाताने घट्ट केली आणि थोड्याच वेळात तिन्ही दिवे स्थिर झाले. तो तरुण शिक्षक हसून म्हणाला, “भागाकार न येणाऱ्या मुलांनाही मी असेच करतो, साहेब. पुन्हा पहिल्यापासून शिकवतो.” मी त्यास इतकेच म्हटले, की पुढील खेपेस ते मूल वजाबाकीत अडले आहे की पाढ्यांत, हे आधी पाहावे.