विश्लेषण : पाळकबाई, केक आणि खून... काय आहेत ‘रेव्हरंड ॲनाबेल’च्या कोझी रहस्यकथा?

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले अप्टन सेंट मेरी हे गाव नकाशावर सापडणार नाही. लेखिका ॲलिसन गोल्डन यांनी ते कल्पनेत वसवले आहे. गावात चर्च आहे, चहा आहे, केक भरपूर आहेत आणि खूनही बरेच पडतात. ते उलगडतात चर्चच्या पाळक, रेव्हरंड ॲनाबेल डिक्सन. केक समोर आला की बाईंचा संयम सुटतो, गुन्हा समोर आला की तोही सुटल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ‘ग्रेव्ह इन द गॅराज’, ‘हॉरर इन द हायलँड्स’, ‘फायरवर्क्स इन फ्रान्स’ ही शीर्षके वाचली तरी मालिकेचा मिश्कील सूर कळतो.

कोझी मिस्टरी म्हणजे काय?

खून होतो, पण रक्त फारसे दिसत नाही. शिवीगाळ नाही, शयनगृहाचे दार बंद. गाव लहान, संशयित ओळखीचे आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते. आगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पल या घराण्याची आजीबाई. त्यांची पहिली कादंबरी ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ 1930 मध्ये आली आणि त्यातले प्रेतही पाळकाच्याच घरात सापडते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार, काळापहाडवर पोसलेल्या वाचकाला हा वेग संथ वाटेल. इथे हातात पिस्तुलापेक्षा चहाची किटली जास्त वेळा दिसते.

शोध घ्यायला पाळकच का?

पोलिसांना घरात शिरायला वॉरंट लागते, पाळकबाईंना दारावरची घंटा पुरते. बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी सगळे त्यांच्याच हातून होते, त्यामुळे कोणाचे कोणाशी वाजले हे त्यांना आधी कळते. जी. के. चेस्टरटन यांनी 1910 मध्ये फादर ब्राउन उभा केला तो याच आधारावर : जो माणूस दिवसभर लोकांची पापे ऐकतो, तो भोळा कसा राहील?

मात्र यात एक कुलूपही आहे. पापकबुलीत ऐकलेले उघड करायचे नाही, हा नियम चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1603 पासून लेखी आहे. म्हणजे खुनी कोण हे माहीत असूनही तोंड मिटून बसायची वेळ येऊ शकते. चांगला लेखक या पेचातून कथानक काढतो. विनोदी मालिका बहुधा पापकबुलीच्या वाटेला न जाता गावगप्पांवर भागवतात, आणि खरे सांगायचे तर तेच जास्त मजेशीर असते.

मग बाई पाळक इतक्या उशिरा का?

कारण प्रत्यक्षातच त्या नव्हत्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने नोव्हेंबर 1992 मध्ये स्त्रियांना धर्मगुरू होण्याची वाट मोकळी केली. सामान्य सदस्यांच्या सभागृहात दोन मते फिरली असती तर ठराव पडला असता. 12 मार्च 1994 रोजी ब्रिस्टल कॅथेड्रलमध्ये पहिल्या 32 स्त्रियांना दीक्षा मिळाली. त्याच वर्षी डॉन फ्रेंच यांची ‘द व्हिकार ऑफ डिब्ली’ ही विनोदी मालिका बीबीसीवर सुरू झाली आणि हसरी, खादाड, मनमोकळी पाळकबाई घराघरांत पोहोचली. ॲनाबेल याच वळणाची.

बिशपपदासाठी तिथे 2015 उजाडले. चर्च ऑफ साउथ इंडियाने त्याआधी, 2013 मध्येच पुष्पा ललिता यांना बिशप केले होते. 2025 मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड झाली. तरीही स्त्री धर्मगुरू मान्य नसलेल्या इंग्लंडमधल्या स्थानिक चर्चना वेगळी व्यवस्था मागण्याची मुभा आजही आहे. केकच्या गोडव्यात हा कडवटपणा चटकन जाणवत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट लपते. इंग्लंडच्या खेड्यांत आज एकाच पाळकाकडे अनेकदा कितीतरी चर्च असतात. खून सोडवायला त्यांना वेळ कुठला!

सुरुवात कुठून करावी?

‘डेथ ॲट द कॅफे’पासून. पुस्तक छोटे आहे, रेल्वे प्रवासात संपते. पडद्यावर असेच काही हवे असेल तर ‘सिस्टर बोनिफेस मिस्टरीज’ आहे. पण सिस्टर नन आहेत, पाळक नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना अजूनही धर्मगुरू होता येत नाही.