तेल लावूनही बोल्ट का गंजतो?

पावसाळ्यात गोव्यातल्या धारगळला कपाटातल्या चामडी चपलेवरही बुरशी चढते. अशा हवेत जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट तेल लावूनही गंजला, तर दोष तेलाच्या प्रतीला दिला जातो. दोष खरे तर साफसफाईच्या क्रमाचा आहे. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यात बनलेल्या या रायफलीच्या जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि हे खारे पाणी पोलाद खाऊ लागते. बोल्टच्या तोंडावर, फायरिंग पिनच्या बारीक भोकाभोवती बसलेला या मिठाचा थर नजरेला दिसतही नाही.

मीठ तेलात विरघळत नाही. तेल त्यावर नुसते पांघरूण घालते. पाण्यात मात्र २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ते सुमारे ३४ ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात ५६. म्हणून तेलाआधी बोल्ट उकळत्या पाण्याने धुवावा. पाण्यानेच गंज चढेल, ही शंका रास्त आहे. पण उकळते पाणी धातू तापवते आणि तापलेला धातू झटकन सुकतो. मग कोरड्या फडक्याने टिपून तेलाचा पातळ हात द्यावा. जाड थर धूळ धरतो. शस्त्रागारात अनेक बोल्ट एकत्र धुतले जात असतील, तर प्रत्येकावरचा क्रमांक रायफलीशी जुळवूनच तो परत बसवा. अदलाबदलीने काडतुसामागची फट बदलते, आणि ती वाढली तर काडतूस फाटू शकते.