रोजच्या उजेडांतले रंग

चित्रकाराला विषय कोठें सांपडतो, या प्रश्नाचें उत्तर बहुधा दूरच्या डोंगरांत किंवा राजवाड्यांत शोधलें जातें. १८९० सालीं क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला मात्र तें जिव्हेर्नी गांवीं, घराजवळच्या शेतांतल्या धान्याच्या गंज्यांत सांपडलें. अनेक कॅन्व्हास जवळ ठेवून तो काम करी. उजेड बदलला कीं हातांतलें चित्र बाजूला ठेवी आणि त्या उजेडाचें दुसरें हातीं घेई. १८९१ च्या मे महिन्यांत पॅरिस येथें यांतलीं १५ चित्रें मांडलीं गेलीं. विषय त्याच गंज्यांचा. पण कोठें त्या धुक्यांत निळसर, कोठें मावळतीला तांबूस, तर कोठें बर्फावर जांभळी सांवली टाकणाऱ्या. चित्राचा खरा विषय उजेडच होता.

यांत निव्वळ कविकल्पना नाहीं. सूर्य क्षितिजाजवळ असतां त्याच्या किरणांना हवेचा पुष्कळ जाड थर ओलांडावा लागतो. त्यांतला निळा भाग वाटेंतच विखुरतो, तांबडा-पिवळा डोळ्यांपर्यंत पोंचतो. निरभ्र दिवशीं जेथें थेट ऊन पडत नाहीं, तेथें निळ्या आकाशाचा उजेड पडतो. म्हणून पांढऱ्या भिंतीवरची सांवली निळसर असते. ती तशी सहसा जाणवत नाहीं, कारण ‘भिंत पांढरी, सांवली काळी’ असें मन आधींच ठरवून टाकतें आणि पाहणें तेथेंच थांबतें. हीं ठरलेलीं नांवें क्षणभर विसरणें, ही चित्रकाराची निम्मी साधना.

महाराष्ट्रांत ती कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं केली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून ते गांवीं परतले. छत्रपति शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. पण त्यांच्या निसर्गचित्रांचे विषय दरबारांतले नव्हते. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर, जो गांवाच्या रोजच्या पाहण्यांतला, तोच त्यांनीं १९३१ सालीं निवर्तेपर्यंत पुनःपुन्हा न्याहाळला.

हा उजेड कायमचा हातचा नसतो. उतारवयांत मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि रंग त्याला गढूळ दिसूं लागले. १९२३ सालीं शस्त्रक्रिया करावी लागली. दृष्टि शाबूत असलेल्यानें तरी ती वायां घालवूं नये. त्यासाठीं हातीं कुंचला असलाच पाहिजे असें नाहीं. खिडकींतून येणारी उन्हाची तिरीप घरांतल्या तांब्याच्या भांड्यावर एकदां सकाळीं आणि एकदां तिसऱ्या प्रहरीं पाहावी. भांडें तेंच असेल. रंग तोच असणार नाहीं.